मोहिते काकांचं बेट

मोहिते काकांनी आमच्या डायनिंग टेबलावर जितकी बेटं घालवली, तितकी एखाद्या साम्राज्यानंसुद्धा घालवली नसतील. दर शुक्रवारी एक. उन्हाळ्यात कधीकधी दोन, कारण कतारमधल्या आमच्या अल खोरच्या उन्हात बाहेर पाऊल टाकायची सोय नसायची आणि माणसं घरात कोंडलेली असायची. बेट म्हणजे खुबूस. कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणलेली ती गोल, फुगीर रोटी निळ्या चादरीच्या मधोमध ठेवली की झाला महासागर आणि झालं बेट. आपली लढाऊ विमानं म्हणजे भाजलेले शेंगदाणे, शत्रूची म्हणजे भाजलेले हरभरे. विमान ज्यानं पाडलं त्यानंच ते खायचं असा नियम होता, त्यामुळे आमच्याकडच्या युद्धात कुणी उपाशी राहिलं नाही.

हा खेळ काकांनीच शोधून काढलेला. एकानं बेट राखायचं, दुसऱ्यानं विमानवाहू जहाजं घेऊन त्याच्यावर चालून यायचं. जहाजं म्हणजे दोन स्टीलच्या ताटल्या. त्या एअर फ्रायरच्या रिकाम्या खोक्यामागे लपवायच्या, म्हणजे बेटवाल्याला किती विमानं कुठे आहेत ते दिसू नये. दोन्ही बाजू फक्त पंचाला दिसायच्या, आणि पंच म्हणजे मी. हल्ला निघाला की मी ओरडायचं, "रडारवर दिसतंय! उत्तरेकडून, बरीच!" किंवा "थोडी!" एवढंच. पुढचं बेटवाल्यानं ठरवायचं, किती शेंगदाणे वर पाठवायचे आणि किती खुबूसवर ठेवायचे.

खरी मेख तेलात होती. वर गेलेलं विमान दोन डाव हवेत राहणार, मग खाली येऊन एक डाव तेल भरत बसणार. त्या डावात हल्ला आला की ते बसल्या जागी खलास. सगळी एकदम वर पाठवली तर सगळी एकदमच खाली येणार. आणि कमी पाठवली तर पहिल्याच हल्ल्यात बेटाचा चुरा. जवळच्या मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत बेट टिकलं तर बेटवाला जिंकला. "अंधार पडला की जहाजावरची इमानं फिरकत न्हाईत," काका सांगायचे. "म्हणून बेटवाल्यानं सूर्याकडं डोळं लावून बसायचं असतंय."

बेट कायम काकाच घ्यायचे. आणि कायम हरायचे.

काका कराडजवळचे. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात रडार ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर कतारला आले आणि आमच्या कंपनीच्या बसगाड्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसले. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टची माणसं न्यायची-आणायची, त्या गाड्यांवर त्यांचं राज्य. झुबकेदार मिशा, पांढराशुभ्र शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून वर आकाशाकडे बघायची सवय. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, माझ्या मागे भिंतीवर पाल आहे की काय. मी दोनदा वळून बघितलं.

"काका, तुम्ही लढाऊ विमान चालवलंय?" माझ्या नवऱ्यानं, नितीननं, त्याच दिवशी विचारलं होतं.

"इमान कधी चालवलं न्हाय," काका मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पर इमानवाल्यांना मी चालवलंय."

नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्यात नव्हती. पण बढाई मारताना माणूस इतका खूश दिसायचा की रागवायला जीव होत नसे. त्यांच्या वॉकी-टॉकीवर बस गेटातून बाहेर पडली की ती 'निघाली' नसायची, 'एअरबोर्न' व्हायची. "ब्राव्हो टू, एअरबोर्न?" असं ते विचारायचे आणि नेपाळी ड्रायव्हर झोपाळलेल्या आवाजात सांगायचा, "साब, अभी चाय पी रहा हूं." दिशा घड्याळात सांगायचे. मॉलमध्ये पार्किंग शोधताना मागच्या सीटवरून हुकूम यायचा, "दोन वाजता, दोन वाजता जागा हाय!" नितीन पहिल्या वेळी गाडी थांबवून म्हणाला, "काका, दोनपर्यंत कोण थांबणार? आत्ता अकरा वाजलेत." उजवीकडे बघायचं असतं हे कळेपर्यंत ती जागा एका लँड क्रूझरनं पटकावली होती.

काकांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसलेली. दुसरी लाट. पहिला हल्ला हा फसवा असतो, खरा घाव दुसऱ्या लाटेत येतो, म्हणून चांगलं ते मागं ठेवायचं. हे त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं तेही त्यांनी सांगितलं होतं. नोकरीत असताना एकदा ते एका बेटावरच्या ठाण्यावर होते आणि तिथे सराव चालू होता. नौदलाच्या जहाजावरून विमानं येणार, यांनी बेट राखायचं. सगळं खोटं, पण नियम खरे. पहाटे रडारवर ठिपका दिसला आणि साहेबांनी होती-नव्हती ती सगळी विमानं वर पाठवून दिली. ठिपका निघाला हुलकावणी. विमानं तेल भरायला खाली उतरली, आणि नेमकी तेव्हाच दुसरी लाट डोक्यावर. मग सरावाचे पंच हातात खडू घेऊन आले. एकेका विमानावर फुली मारत गेले. फुली म्हणजे नष्ट. शेवटी रडारच्या खोलीत आले, दारावर फुली मारली आणि चहाचा कप तोंडाला लावलेल्या काकांना म्हणाले, "मोहिते, तू मेलास."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मेलेला माणूस रडारवर बसू शकत न्हाय. मला मेसमध्ये धाडलं. मेल्यावर दिवसभर मी बटाटं सोललं, वृषाली. पोतंभर! आन् प्रत्येक बटाट्यागणिक मनात म्हणलं, मोहिते, इथून पुढं सगळी वर पाठवायची न्हाईत."

आम्ही हसून हसून लोळलो. काका मात्र गंभीर होते. त्या खडूच्या फुलीनं माणूस जन्माचा शहाणा झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको, मालनकाकू, शेजारी शेंगदाणे पाखडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "शहाणं झालं न्हाईत. तिथंच अडाकलं."

मालनकाकू खेळायची नाही. विमानं भाजून आणायची, पडलेली कोण खातंय त्यावर लक्ष ठेवायची, आणि अधूनमधून एखादं वाक्य टाकायची, पण ते वाक्य असं बसायचं की काकांच्या मिशा खाली यायच्या. तिनं हे सगळं इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की काका अडखळले तर पुढचं तीच पुरं करायची.

काकांना खऱ्या लढायाही तोंडपाठ. पॅसिफिकमधली बेटं सांगायचे, पण त्यांचा जीव लंकेवर. दुसऱ्या महायुद्धात ईस्टरच्या रविवारी सकाळी जपानी जहाजांवरची विमानं कोलंबोवर आली, त्याची गोष्ट ते अशी सांगायचे की जणू स्वतः तिथे चहा पीत होते. एकदा आम्ही सगळे त्यांच्या लेकीकडे, सुप्रियाकडे, दोह्यातल्या अल दुहैलला निघालो होतो. काकांनी नितीनला भलतीकडेच गाडी वळवायला लावली, रय्यानच्या रेसकोर्सकडे. कुंपणाशी उतरले, कमरेवर हात ठेवले आणि त्या हिरव्यागार गवताकडे बघत राहिले. मला वाटलं, घोडे बघायचे असतील.

"हितं हरिकेन इमान उतरंल," काका म्हणाले.

"आवो, लेक जेवायची थांबलीया," काकू गाडीतूनच ओरडली.

पण गोष्ट सुरू झाली होती. कोलंबोजवळच्या मोठ्या विमानतळावर खबर वेळेवर पोचलीच नाही. जपानी विमानं डोक्यावर आली तेव्हा तिथली लढाऊ विमानं धावपट्टीवरून जेमतेम उठत होती. पण शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दुसरी एक तुकडी होती. रेसकोर्सवर विमानं असतील हे जपान्यांना ठाऊकच नव्हतं! ती तुकडी बिनधोक वर गेली. पुढे तिचंही नुकसान व्हायचं ते झालंच, पण वर तरी गेली. "समजलं का नितीन? जी दिसत न्हाईत ती वाचत्यात!" काका म्हणाले. नितीननं मान हलवली. त्याला भूक लागली होती. लेकीच्या घरी पोचलो तेव्हा पुऱ्या चामट झालेल्या आणि सुप्रियाचं तोंड त्याहून चामट.

आता एवढ्यावरून कुणाला वाटेल की काका लढाईत चतुर असतील. छे! ऐकलं कितीही असलं, तरी टेबलावर एकच गोष्ट घडायची. मी ओरडायची, "पूर्वेकडून, बरीच!" काका दोन शेंगदाणे वर पाठवायचे. दोन! बाकीचे खुबूसवर ठेवून त्यांच्यावर हाताचा पंजा धरायचे, कोंबडीनं पिल्लांवर धरावा तसा. "काका, बरीच आहेत, बरीच!" मी पंच असूनही न राहवून म्हणायची. "दुसरी लाट यायचीया," काका सांगायचे. तोवर नितीनचे हरभरे त्या दोघांना गिळून बेटावर पोचलेले असायचे. मागे ठेवलेले शेंगदाणे बसल्या जागी नितीनच्या तोंडात. दुसरी लाट पाठवायची नितीनला गरजच पडली नाही कधी. खुबूसचा पहिला तुकडा तोडताना तो दर वेळी विचारायचा, "काका, ही कुणासाठी ठेवली होती?" आणि काका दर वेळी म्हणायचे, "पुढच्या शुक्रवारी बघ!"

कामावरही तेच. दोन बसगाड्या कायम गेटापाशी एसी चालू ठेवून उभ्या. त्यांच्या इजिप्शियन मॅनेजरनं किती वेळा डोक्यावर हात मारून घेतला, "मोहिते, व्हाय?" "रिझर्व्ह, सर," काका सांगायचे, आणि तो "या अल्ला" म्हणत निघून जायचा. पण एका हिवाळ्यात असं धुकं पडलं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. गेलेल्या बसगाड्या रस्त्यावर अडकल्या. रात्रपाळी करून दमलेली माणसं रास लफानला सुटका कधी होते म्हणून बसलेली. काकांनी आपल्या त्या दोन राखीव गाड्या दुसऱ्या रस्त्यानं हळूहळू सोडल्या, ड्रायव्हरशी सारखं बोलत, आणि सगळ्यांना घरी आणलं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्यांच्या गालाचा मुका घेतला. झालं! पुढचं वर्षभर काकांशी बोलायची सोय राहिली नाही. दूध नासलं, लिफ्ट बंद पडली, काही झालं तरी, "म्हणून राखीव ठेवायचं असतंय."

आणि मग आले गणपती. काकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. काकूनं तळणीचे मोदक केले, डोंगरभर. काकांनी स्वयंपाकघरात जाऊन निम्म्याहून जास्त मोदक डब्यात भरले, डबा कपाटावर ठेवला. संध्याकाळी आरतीला निम्मं अल खोर लोटलं, पार दोह्यातल्या फरीज बिन ओमरानहून मंडळी आली. प्रसादाला माणशी एक मोदक. एक! पोरं ताटलीकडे बघतायत, बायका एकमेकींकडे बघतायत. काकू डोळ्यांनी डबा काढा म्हणून खुणावतेय आणि काका हळूच सांगतायत, "आठनंतर दुसरी लाट." दुसऱ्या दिवशी कामाचा वार. आठनंतर चिटपाखरू फिरकलं नाही. नंतर आठवडाभर आम्हा दोन्ही घरांत सकाळ-संध्याकाळ मोदक. मला अजूनही तळणीचा मोदक बघितला की ढेकर येतो.

त्या मोदकांच्या आठवड्यातच काकू एकदा माझ्याकडे येऊन बसली. कराडला त्यांनी नवं घर बांधलं होतं. वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावून दोघं विमानात बसली, त्याला बरीच वर्षं झाली. दर साली काका म्हणायचे, पुढच्या साली जाऊ, शंभर टक्के. पडद्याचं कापड निवडून ठेवलेलं, ट्रंकेत पडून. भाजीचा वाफा कुठे घालायचा तेही तिनं ठरवून ठेवलेलं.

"चांगलं ते मागं ठेवायचं, म्हणत्यात," काकू म्हणाली. "मला बी दुसऱ्या लाटेसाठीच ठेवलंय बघ यांनी."

हे ती हसत हसत म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात ते चव्हाट्यावर आलं. काकांचं वय झालेलं, तरी कंपनीनं आणखी एका वर्षाचं कंत्राट पुढे केलं. रविवारी उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी आमच्याकडे जेवण झालं, निळी चादर अंथरली, आणि दोघांचं तिथेच जुंपलं.

"एकच वरीस, मालन. मग शंभर टक्के."

"मागल्या साली बी शंभरच टक्के होतं. टक्के वाढत्यात का काय तुमचं?"

"तिथं जाऊन मी करू काय? हितं माणसं इचारत्यात मला. वॉकी-टॉकी वाजतोय. कराडात कोण इचारणार, मोहिते, कुठली गाडी कुठं हाय?"

"मी इचारंन की!"

खरं म्हणजे दोघांचंही खरं होतं. काका त्या कंट्रोल रूमबाहेर मला कधी डोळ्यांपुढे आणता आले नाहीत. आणि काकूच्या त्या कुलूपबंद घराचाही विचार केला की मला चुटपुट लागायची. वातावरण हलकं करायला नितीन म्हणाला, "खेळून ठरवा! बेट पडलं तर कराड, टिकलं तर एक वर्ष कतार." आम्ही हसलो. काकू हसली नाही.

"चालंल," ती म्हणाली आणि पदर खोचला. "सरक रं नितीन. आज जहाजं मी घेती."

काकांनी बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सवयीनं वर, पंख्याकडे. "लाव बेट," म्हणाले.

काकू पहिल्यांदाच खेळत होती, पण बाई गं, काय खेळली! आधी दक्षिणेकडून उगाच चार हरभरे सोडले, काकांना वर यायला लावलं आणि स्वतः परत फिरली. मग पुन्हा तेच. काकांचे शेंगदाणे तेल भरायला खालीवर, खालीवर. नितीनचं तोंड उघडं ते उघडंच. इतकी वर्षं शेंगदाणे भाजता भाजता या बाईनं अख्खं शास्त्र आत्मसात केलं होतं. तिनं मला खोक्यामागे बोलावून ताटली दाखवली. एका ताटलीतले सगळे हरभरे ती आता सोडणार होती आणि दुसऱ्या ताटलीत तितकेच मागे होते. खडूच्या फुल्यांच्या त्या सरावातलाच डाव.

"रडारवर दिसतंय!" मी ओरडले. "उत्तरेकडून. बरीच. लई बरीच!"

काकांचा पंजा शेंगदाण्यांवर गेला. आता दोन काढणार, आम्ही सगळे समजूनच चाललो. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. काका त्या उन्हाकडे बघत थांबले. मग त्यांनी पंजा उचलला.

"सगळी वर," ते म्हणाले.

"काय?" नितीन ओरडला.

"सगळी वर! यल्ला!"

आणि काकांनी मूठभर शेंगदाणे एकदम उचलले. उशिरा नाही, अर्धवट नाही, हल्ला पोचायच्या आधी, पुरत्या उंचीवर. काकूची पहिली लाट त्यांनी अशी झोडली, अशी झोडली, की एकही हरभरा खुबूसला शिवला नाही. काका हरभरे खात होते आणि ओरडत होते. मिशांना फुटाण्याची टरफलं लागलेली. "ब्राव्हो वन, वेल डन! ब्राव्हो टू, वेल डन!" एकेका शेंगदाण्याचं नाव घेऊन शाबासकी. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बघितलंच नव्हतं. विशीतला कुणी पोरगा दिसत होता तो.

आणि मग नियमाप्रमाणे सगळे शेंगदाणे खाली आले. सगळे एकदम. खुबूसवर ओळीनं, तेल भरत.

काकांनाही कळलं. त्यांचा रंग उतरला, हात टेबलावर तसाच राहिला. काकूकडे हरभऱ्यांनी भरलेली ताटली होती. नुसतं बोट दाखवायचं होतं. एवढं केलं की बेट खलास आणि कराडच्या घराचं कुलूप उघडलं.

मी खोक्यामागे गेले. "काकू, सोडताय ना?"

काकू खोक्याच्या कडेवरून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. बराच वेळ बघितलं तिनं. मग पदराचा शेव घेतला आणि ताटलीवर झाकण घातल्यासारखा टाकला.

"ऱ्हाऊ दे गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "एवढी वर्सं हरतोय बिचारा."

पण पंचानं बोलायचं नसतं. मी बाहेर येऊन म्हणाले, "रडारवर काही नाही."

"नीट बघ," काका म्हणाले.

"काही नाही काका."

पुढच्या डावालाही काही नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आणि मग अजान झाली. नितीननं खुर्चीवर चढून आरोळी ठोकली. काकांनी दोन्ही हात वर केले, मला मिठी मारली, नितीनला मिठी मारली, फ्रिजलासुद्धा मारली असती. "राखलं! मोहितेनं बेट राखलं!" आमच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशीवर काठी आपटली.

डाव संपला की हरलेल्याशी हात मिळवायचा, हाही काकांचाच नियम. ते हसत हसत खोक्याला वळसा घालून काकूकडे गेले, हात पुढे केला, आणि थांबले. पदराखालून ताटलीची कड दिसत होती. काकांनी पदर उचलला.

हरभरे जसेच्या तसे.

"मालन," काका म्हणाले. "ही काय?"

"ते व्हय? उद्याच्या उसळीला ठेवल्यात."

"भाजल्याल्या हरभऱ्याची उसळ?"

काकू चादरीची चुणी सरळ करत बसली. काका ताटलीकडे बघत उभे. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता चिडणार, पंचाला दोष देणार. ते खुर्ची ओढून बायकोच्या शेजारी बसले.

"बेट पडलं, वृषाली," ते मला म्हणाले.

"काका, नियमानं तुम्ही जिंकलात. अजान झाली."

"मी रडार ऑपरेटर हाय. समोर दिसतंय ते दिसतंय." त्यांनी ताटलीवर बोट ठेवलं. "माझी सगळी खाली, हिची सगळी तयार. ह्या बाईनं मला सोडलंय." मग काकूकडे वळून, "आयला मालन, अगं घर हुतं की तुझं त्याच्यावर!"

"तुमी लई खूश दिसला," काकू म्हणाली. "ऱ्हावा वरीसभर. मला काय, मी हाय हितंच."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. मग मला म्हणाले, "सुप्रियाला फोन लाव. म्हणावं, तिकिटं काढ. दोन."

"आवो, जिंकलायसा न्हवं?"

"जिंकलोय म्हणून तर सांगतोय! जिंकल्याल्याचं ऐकायचं असतंय. सामान बांध."

काकू रडायला लागली आणि काका तिला थोपटत, मधेच एकेक हरभरा तोंडात टाकत, स्वतःही डोळे पुसत बसले. नितीन चहा करायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

महिन्याभरानं आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सुप्रिया नाक लाल करून उभी. काका ट्रॉली ढकलत लोडरला सूचना देत होते, मॅनेजरच्या निरोपाच्या फोनला उत्तर देत होते, वर छताकडे बघत होते. काकूच्या हातात दोन्ही पासपोर्ट. ती रांगेत पुढे सरकत गेली, झपाझप, पंचवीस वर्षांची असल्यासारखी. मला वाटलं, काका वळून आम्हाला हात करतील, दोन शब्द बोलतील. मी हात वर करून तयारच होते. पण त्यांनी इकडेतिकडे बघितलं, काकू कुठे दिसेना, आणि फोनवरच्या मॅनेजरला "खलास, खलास" म्हणून फोन खिशात कोंबला.

"अगं थांब की मालन!" काका ओरडले, आणि ट्रॉली घेऊन तिच्या मागे पळत सुटले.